हरतालिकेची पत्री आणि तांबू गाय

"अहो डॉक्टर, कॅल्शियम लावा ना! गाय बसली की कॅल्शियमच लावतात!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं. क्रिकेट आणि जनावरांची डॉक्टरकी, या दोन गोष्टी आपल्याकडे प्रत्येकाला येतात. मी तांबूच्या डाव्या कोपराखाली स्टेथोस्कोप टेकवून उकिडवी बसले होते आणि मला शष्प ऐकू येत नव्हतं, कारण कोपऱ्यावर ढोल वाजत होते. गणेश चतुर्थी, लालबाग, दुपार व्हायला आलेली. माझ्या बोटांना मोदकाची उकड चिकटलेली. घरी गणपती बसायचा होता आणि इथे गाय बसली होती.

मी जनावरांची डॉक्टर. लालबागपासून जवळच एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे नोकरी करते. त्या दिवशी खरं तर माझी सुट्टी. गणपतीत ड्यूटी परेरा सरांची आणि नाताळात माझी, ही आमची जुनी वाटणी. परेरा सर म्हणजे माझे बॉस. माझगावचे, पिढ्यान् पिढ्या मुंबईचे. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात आणि चिडले की माझ्यापेक्षा अशुद्ध.

तांबू म्हणजे आमच्या चाळीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे, तिथली गाय. पुष्पामावशी रोज सकाळी तिला घेऊन देवळासमोर बसते. शेजारी ओल्या चाऱ्याच्या पेंढ्या आणि पिठाच्या लाडवांचं ताट. लोक दर्शन घेतात, मावशीकडून पेंढी विकत घेतात, तांबूला भरवतात, शेपटीला हात लावून कपाळाला लावतात आणि ऑफिसला जातात. मावशीचं घर त्यावर चालतं. नवरा गेल्यावर तिनं दुसरं काही केलं नाही, करायची गरजही पडली नाही. तांबू गेली तर मावशी उद्या सकाळी कुठे बसणार, हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाला पडला होता. मावशीला मात्र तो पडला नव्हता. ती नुसती तांबूचं डोकं मांडीवर घेऊन "ऊठ गं बाय, ऊठ ना" म्हणत होती.

आता कॅल्शियमचं सांगते. व्यायलेली गाय अचानक खाली बसली, अंग गार पडलं, मान टाकली, तर बहुतेक वेळा तिच्या रक्तातलं कॅल्शियम दुधात निघून गेलेलं असतं. शिरेतून बाटली लावली की गाय उठून चालू लागते. बघणाऱ्यांना चमत्कार वाटतो. तांबू त्या पावसाळ्यातच व्यायली होती, त्यामुळे गर्दीचा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. पण त्या आजारात हृदय जोरात पळतं. तांबूचं उलटं होतं. एक ठोका, दोन ठोके, तीन ठोके, मग काहीच नाही. मी श्वास धरून वाट बघायची, आणि मग दचकल्यासारखा चौथा. गाईचं हृदय मिनिटाला साठ-सत्तर ठोके देतं. हिचं निम्म्यावर आलं होतं, आणि तेही मनाला येईल तसं.

असं हृदय काही विषांनी होतं. आणि तसं विष पोटात असताना शिरेतून कॅल्शियम दिलं, तर ते हृदय थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय असतो. म्हणून मी बाटलीला हात लावत नव्हते.

परेरा सरांना फोन लावला.

"प्लॅस्टिक," सर म्हणाले. "शंभर टक्के प्लॅस्टिक. सिटी काऊ आहे ती. घेऊन ये, पोट उघडतो."

"सर, हार्ट मिस होतंय. वाईट मिस होतंय. मला हे झाडपाल्याचं विष वाटतंय."

"लालबागमध्ये? नीला, तुझ्याकडे जंगल कुठंय?"

"ते शोधते."

"शोधत बस. तोवर गाय मरेल."

"आणि न शोधता कॅल्शियम दिलं तर माझ्या हातानं मरेल."

सर म्हणाले, "अँब्युलन्स पुलावर अडकलीय. सगळीकडे गणपती. मी स्कूटर काढतो. चारकोल आणतो, ऑपरेशनचं किटपण आणतो. आणि ऐक, जमलं तर मी येईपर्यंत जिवंत ठेव."

जमलं तर म्हणे!

मी चौकशी सुरू केली. डॉक्टरकीत अर्धं काम हेच असतं. माणसाचा पेशंट खोटं बोलतो, आमचा पेशंट बोलतच नाही. म्हणून मालकाला विचारायचं.

"मावशी, आज हिनं काय खाल्लं?"

"काय खाणार गं? चारा. आपला रोजचाच."

"चारा कुठून आला?"

"नेहमीचा भय्या देतो तोच. बाकीच्यांच्या गाईंनी पण तोच खाल्लाय, मी फोन करून विचारलं. त्या धडधाकट आहेत."

"कुणी शिळं अन्न? तांदूळ? पेंड?"

"नाही गं. देवाशप्पथ. लाडू पण कमीच आज, लोक आपापल्या गणपतीच्या गडबडीत."

"इकडे तिकडे चरली? शिवडीच्या बाजूला नेली होतीस? भिंतीकडेचं काही तोंडात घेतलं?"

"सकाळपासून हितंच आहे, माझ्या डोळ्यांसमोर. तू मला काय विचारतेस? मी तिला उपाशी ठेवते, की घाण खायला घालते?" मावशी रडायलाच लागली.

फुलवाल्याला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. चारा आणि दोन-चार लाडू. एवढी माणसं ठरवून खोटं बोलत नाहीत. मला माझ्याच कानांचा संशय यायला लागला.

तेवढ्यात गर्दी फोडून आंगणेकाका आले. काका मूळचे मालवणकडचे, मिलमधून निवृत्त, आणि आमच्या चाळीचे अधिकृत वैदू. एका हातात बांबूचं नळकांडं, दुसऱ्या हातात वाफाळता काढा.

"सर गो बाजूक! ह्यो काढो एकदा पोटात गेलो की गाय उठतली बघ."

"काय आहे त्यात?"

"ओवा, हिंग, गूळ, गोडा तेल. आणि धोतऱ्याची चार बियां. आमची आये द्यायची."

"काका, थांबा! मान टाकलेल्या जनावराच्या घशात काही ओतायचं नाही. पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात जातं."

"आमच्या गावात किती गुरांक पाजलंय, एक मरूक नाय!"

"जी मेली ती तुम्हाला सांगायला आली नाहीत, काका."

लोक हसले. काका दुखावले. मला वाईट वाटलं, पण त्या क्षणी माझ्याकडे वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. आणि धोतरा हा शब्द मात्र माझ्या डोक्यात अडकून बसला. गावाकडे बांधावर उगवतो तो. मुंबईत कचऱ्याच्या ढिगावर, रेल्वेच्या भिंतीला उगवतो. काकांना आज, चतुर्थीच्या दिवशी, इतक्या पटकन कुठे मिळाला?

"काका, धोतरा कुठून आणलात?"

"कुठून म्हणजे? आजच्या दिवसाक कोणाच्या घरात धोतरो नाय? पत्रीत गावता की!"

पत्री! मी तांबूचा जबडा उघडायला घेतला. काकांनाच म्हटलं, "डोकं धरा, तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही." काकांचा राग तिथल्या तिथे उतरला. मी गालाच्या आत बोटं घातली. गाय घाईघाईनं खाते आणि नंतर रवंथ करते, त्यामुळे गालाच्या खाचेत काहीतरी राहतंच. आधी चिंधडी झालेली दूर्वा निघाली. मग बेलाचं पान. त्यावर कुंकू. आणि त्याच्यामागून एक लांब, अरुंद, चामड्यासारखं जाड पान, मधोमध सरळ पांढरी शीर असलेलं.

कण्हेर.

मी उभी राहिले. चाळीच्या बायका गॅलरीत ओळीनं उभ्या होत्या. आदल्या दिवशी हरतालिका झाली होती. चाळीच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांची एकत्र पूजा असते. महादेवाची वाळूची पिंड, तिच्यावर नाना झाडांची पानं वाहायची. तीच पत्री. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरवतात.

"सुलभाताई!" मी खालून ओरडले. "हरतालिकेची पत्री कुठे गेली?"

सुलभाताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मूर्तिमंत उत्साह. त्या जिन्यावरून धावतच खाली आल्या.

"का गं? या वर्षी आम्ही समुद्रात नाही टाकली. ठराव केला होता ना मंडळात, निर्माल्य पाण्यात नाही, कचऱ्यात नाही. गोमातेला दिली. सकाळी सगळ्या जणी ताटं घेऊन आलो होतो. केळी आणि गूळ पण घातला वरून."

"मावशी, तू बघितलंस?"

"हो की," मावशी म्हणाली. "मीच ताटं धरली."

"मग मघाशी सांगितलं का नाहीस?"

"तू काय खाल्लं ते विचारलंस. ती पत्री होती गं. देवाची."

कुणी खोटं बोललं नव्हतं. देवावरून उतरलेल्या पानाला कुणी खाणं म्हणत नाही, एवढंच. मला एकदम सगळ्यांचा राग आला, आणि त्याच वेळी कुणाचाच येईना.

सुलभाताईंचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी किल्ला सोडला नाही. "नीला, ती सगळी औषधी पानं आहेत. ग्रुपवर येतं की, कुठल्या पत्रीनं काय बरं होतं. कण्हेर तर हृदयाला..."

"हृदयाला लागू पडते, बरोबर. म्हणूनच हृदय थांबवते. जे कशालाच लागू पडत नाही ते मारतही नाही, ताई."

इथे जरा थांबून सांगते. कण्हेर, रुई, धोतरा ही काही परदेशातून आलेली भुतं नाहीत. आपल्या अंगणातली, नाल्याकाठची, भिंतीच्या भेगेतली झाडं. यांचा उपयोग जुन्या वैद्यांना माहीत होता आणि भीतीही माहीत होती. उपयोग तेवढा फॉरवर्ड होत आला, भीती मागे राहिली. गावातली गाय कण्हेरीला तोंड लावत नाही. कडू लागते, हुंगून सोडून देते. पण रात्रभर सुकलेलं पान तितकं कडू लागत नाही, आणि वर गूळ असला तर मग बघायलाच नको. शिवाय देवळासमोरची गाय निवडून खायचं विसरलेली असते. जन्मभर तिच्यासमोर हात आले आणि हातात खाऊच आला. हातातून येणारं वाईट असू शकतं हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं.

माझ्या घरच्या बॅगेत ॲट्रोपिन होतं. मंद पडलेल्या हृदयाला धक्का देणारं इंजेक्शन. मी ते भरताना काका डोकावले.

"ह्यां काय?"

"काका, तुमच्या धोतऱ्यात जे असतं ना, तेच. त्याच जातीच्या झाडांतून निघालेलं."

"मगे माझो काढो..."

"फरक इतकाच, की यात किती आहे ते मला माहीत आहे. तुमच्या चार बियांत किती ते तुम्हालाही नाही, बियांनाही नाही."

काकांना पटलं असावं, कारण काढा त्यांनी गटारात ओतला.

इंजेक्शन गेलं. मी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. ढोल! काहीच ऐकू येईना. आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तांबूच्या कातडीवर काटा येत होता. विष चढलेल्या हृदयाला दचकणं परवडत नाही.

"बंड्या!" मी हाक मारली. बंड्या सावंत आमच्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता, माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. "ढोल बंद कर."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? लालबाग आहे हे! आज? पब्लिक मारेल मला."

"पब्लिकला सांग गाय मरतेय. आणि मंडपाचे उरलेले बांबू आण. मला इथे पटांगणात खोडा बांधून पाहिजे. गाय उभी राहील, पण पडणार नाही असा."

बंड्यानं एकदा तांबूकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. लहानपणी परीक्षेला जाताना तांबूच्या आधीच्या गाईला हात लावूनच तो जायचा, तरीही नापास व्हायचा. तो पळाला. थोड्याच वेळात आमच्या कोपऱ्यावरचे ढोल थांबले. मग रस्त्यावरून दुसऱ्या मंडळाचा गणपती आला. लांबून ताशा वाजत येत होता, आमच्या गल्लीच्या तोंडाशी येताच तोही थांबला. मूर्ती नुसत्या पावलांच्या आवाजात पुढे गेली. लालबागमध्ये जन्म गेला माझा, चतुर्थीला असं कधी ऐकलं नव्हतं. त्या शांततेत मला तांबूचे ठोके मिळाले. पहिल्यापेक्षा जवळजवळ पडत होते.

परेरा सर आले ते घामानं निथळत. स्कूटर कुठेतरी सोडून, खांद्यावर बॅग घेऊन चालत.

"कण्हेर," मी म्हटलं आणि पान दाखवलं.

सरांनी पान उलटसुलट केलं. "साला! लालबागमध्ये." मग म्हणाले, "पोट उघडावंच लागेल. पानं आत आहेत तोवर विष सुटत राहणार. गाईचं पोट म्हणजे पिंप, त्यातून लवकर पुढे काही जात नाही."

"म्हणून ॲट्रोपिन आधी दिलं. हृदय आता धरतंय. तुम्ही म्हणालात तेव्हा उघडलं असतं तर टेबलवरच गेली असती."

"टेबल कुठंय इथे?" म्हणत सरांनी बाह्या वर केल्या.

आंगणेकाकांनी तांबूच्या कानाशी मालवणीत काय सांगितलं देव जाणे, पण मागून आम्ही रेटा दिला आणि ती उठली. बांबूच्या खोड्यात उभी केली. वर मंडपाची ताडपत्री. गाईचं हे ऑपरेशन उभ्यानंच होतं, कूस बधिर करून. तिला कळतं की काहीतरी चाललंय, पण दुखत नाही. मावशीला मी म्हटलं, तू जा आत. ती म्हणाली, "मी हिचं तोंड धरते. मला बघू दे, नाहीतर मला झोप लागायची नाही." ती हलली नाही.

मी खांद्यापर्यंत हात घातला. आधी चारा. मग पत्री, मुठी मुठीनं. बेल, आघाडा, रुई, कण्हेरीची अख्खीच्या अख्खी पानं, दूर्वांच्या जुड्या दोऱ्यासकट. सुलभाताई बादली धरून उभ्या होत्या. त्यांनीच मागून घेतली होती. आपणच वाहिलेलं पान न् पान त्या बादलीत पडताना बघत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. आणि सगळ्यात तळाशी, माझ्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. ओढलं. पिशव्या. एकात एक पीळ बसलेल्या, दोरखंडासारख्या.

"प्लॅस्टिक," परेरा सर म्हणाले. त्यांचा चेहरा ऑपरेशनच्या घामातही उजळला. "मी काय म्हणालो होतो?"

"सर, ते वर्षभर तिथेच आहे. आज त्यानं काही केलेलं नाही."

"पण होतं की नाही?"

"होतं."

"रिपोर्टमध्ये लिही."

चारकोलचं काळं पाणी पोटात सोडलं. हा कोळसा उरलेलं विष धरून ठेवतो. टाके घातले. संध्याकाळ झाली होती. गॅलरीत बायकांनी दिवे लावले, पण आरतीला टाळ कुणी वाजवले नाहीत. चाळीनं त्या वर्षीची पहिली आरती हलक्या आवाजात म्हटली. माझ्या घरचा गणपती नवऱ्यानं बसवला, चुकत माकत, आणि मोदक मेसमधून आणले. बाप्पानं चालवून घेतलं असेल. सासूबाईंनी नाही चालवून घेतलं.

तांबू लगेच बरी झाली असं नाही. दुसऱ्या दिवशीही ठोका चुकत होता आणि मी सकाळ-संध्याकाळ जाऊन शिव्या खात होते, कारण मावशी तिला खाऊ घालायला बघायची आणि मी थांबवायचे. गौरी आल्या तेव्हा तांबूनं पहिल्यांदा रवंथ केला. गाय रवंथ करायला लागली की आमचं काम संपलं, बाकी तिचं ती करते. मावशीनं मला फोन केला आणि तो सरळ तांबूच्या तोंडाजवळ धरला. चर्र चर्र आवाज येत होता. मी दवाखान्यात उभी होते. मला रडू आलं. परेरा सरांनी विचारलं काय झालं, म्हटलं, "रवंथ." ते म्हणाले, "मग रडतेस काय, केस क्लोज कर."

सुलभाताईंनी पुढच्या हरतालिकेला नवा ठराव आणला. कण्हेर, रुई, धोतरा वाहायचेच, पूजा पूजेसारखी करायची, पण उतरलेली पत्री चाळीच्या मागच्या खड्ड्यात, खतासाठी. पानं निवडायला आंगणेकाका बसतात, आणि कुठलं पान किती वाईट हे प्रत्येक सुनेला ऐकवतात. औषधाचा गुण सांगतात तेव्हा आता मरणाचाही सांगतात. मी एवढ्यावर खूश आहे.

माझ्यात एक बदल झाला. कुणीही जनावर घेऊन आलं की मी आता "काय खाल्लं?" असं विचारत नाही. "कुणी काय दिलं?" असं विचारते. माणूस लगेच आठवू लागतो.

आणि मावशी? चतुर्थीला गेल्या वर्षी सुलभाताई ताटात मोदक घेऊन तांबूकडे आल्या. मावशीनं हात आडवा केला. मोदक उचलला, फोडला, सारण बोटानं चाचपून पाहिलं, हुंगलं, आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "दुसरा आणा. तिला मी चाखून देते."